मार्शल 1971 : दहा सामने, दोन विजय

1970 साली अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक नियम होता. पहिल्या वर्षाच्या मुलाला कॉलेजच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. त्याने वर्षभर पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वेगळ्या संघात खेळायचं, अभ्यासात रुळायचं आणि दुसऱ्या वर्षापासून मोठ्यांत यायचं. त्यामुळे मुख्य संघ बाहेरगावी सामन्याला निघाला की ही पोरं मागे राहत. 14 नोव्हेंबर 1970 च्या शनिवारी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या हंटिंग्टन शहरात मार्शल विद्यापीठाची अशीच पोरं मागे राहिली होती. संध्याकाळी 7 वाजून 36 मिनिटांनी मुख्य संघाला घेऊन परतणारं विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर कोसळलं. आतले 75 च्या 75 जण गेले.

पुढच्या वर्षी मार्शलने याच मागे राहिलेल्या मुलांना घेऊन संघ मैदानात उतरवला. दहा सामने खेळले, आठ हरले. या हंगामाबद्दल बोलताना 'राखेतून संघ पुन्हा उभा राहिला' असं म्हणून आपण मोकळे होतो. त्या एका वाक्यात माणसं हरवतात असं मला फार वाटतं. उभा राहिला म्हणजे कोणी काय केलं, कोणता निर्णय आधी घेतला, कोणता नंतर, आणि त्याची किंमत कोणाच्या पदरी पडली, ते नीट मांडायला हवं.

आधी खेळाबद्दल थोडं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळतात तो हा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळता येतं, फेकता येतो, आणि चेंडूवाल्याला अंगावर झेपावून पाडता येतं. मैदान शंभर यार्डांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण, आणि त्यानंतर खांबांमधून किक मारली की एक जादा. टचडाउन न करता लांबूनच किक मारून चेंडू खांबांमधून घातला तर तीन गुण. हल्ल्याची सूत्रं क्वार्टरबॅककडे. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहतात ते पाच धिप्पाड गडी म्हणजे लाईन. हा खेळ त्या पाच जणांच्या ताकदीवर चालतो, एवढं ध्यानात ठेवा.

आधीची अवस्था

मार्शल हे फुटबॉलमधलं बडं प्रस्थ कधीच नव्हतं. हंटिंग्टन हे ओहायो नदीच्या काठचं, रेल्वेमुळे वसलेलं सुमारे 74 हजार वस्तीचं शहर. ओहायो, केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया या तिन्ही राज्यांच्या सीमा तिथे भिडतात, म्हणून विमानतळाचं नावही ट्राय-स्टेट. विद्यापीठाचा रंग हिरवा, संघाचं नाव थंडरिंग हर्ड, म्हणजे धडधडत निघालेला गव्यांचा कळप. नाव दणदणीत, पण साठच्या दशकाच्या अखेरीस याच संघाने सलग 27 सामने एकही विजय पाहिला नव्हता. त्यातच 1969 मध्ये खेळाडूंची भरती करताना केलेले नियमभंग उघडकीला आले, आणि ज्या मिड-अमेरिकन गटात मार्शल खेळत होतं त्या गटाने त्यांना बाहेर काढलं. जुना कोच गेला. रिक टॉली नावाचा तिशीतला तरुण कोच आला. 1970 च्या त्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्या संघाने तीन सामने जिंकले होते आणि सहा हरले होते.

हे आधी सांगण्याचं कारण असं की पुढे जो निर्णय घ्यायचा होता, तो एका मोठ्या, पैसेवाल्या, यशस्वी संघाबद्दलचा नव्हता. हरणाऱ्या, बदनाम झालेल्या, कुठल्याही गटात नसलेल्या संघाबद्दलचा होता. बंद करून टाकायला कारणं हवी तेवढी होती.

तो शनिवार

सामना नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल इथे, ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी. मार्शल 17–14 असं हरलं. बाहेरगावचे बहुतेक सामने रस्त्याने जाण्याजोगे असल्यामुळे संघ विमानाने क्वचितच जायचा. या वेळी अंतर जास्त म्हणून डीसी-9 विमान भाड्याने घेतलं होतं. परतीच्या विमानात 37 खेळाडू, 8 जणांचा प्रशिक्षकवर्ग, 25 चाहते, दोन वैमानिक, दोन हवाई सेविका आणि या फेरीची व्यवस्था पाहणारा एक माणूस होता. चाहते म्हणजे गावातली जाणती माणसं, काही जोडप्याने गेलेली. काही घरांतल्या मुलांचे आई-वडील दोघेही एकाच संध्याकाळी गेले.

पाऊस होता, धुकं होतं. डोंगराळ भागातल्या त्या विमानतळावर उतरणीचा नेमका कोन दाखवणारी यंत्रणा नव्हती. धावपट्टी दिसत नसताना विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरलं, एवढं चौकशीत निष्पन्न झालं. का उतरलं, हे ठामपणे सांगता आलं नाही. कॉकपिटमधल्या उपकरणांवरच्या माहितीचा वापर चुकला असावा किंवा उंची दाखवणाऱ्या यंत्रणेतच दोष असावा, या दोन शक्यता नोंदवून अहवाल थांबला.

कोण विमानात होतं आणि कोण नव्हतं, याच्या गोष्टी अंगावर काटा आणतात. सहायक कोच रेड डॉसन विमानाने गेलाच नव्हता. त्याला वाटेत एका खेळाडूला भेटून मार्शलकडे वळवायचं होतं, म्हणून तो मोटारीने निघाला होता. त्याच्यासोबत परतत होता गेल पार्कर. पार्कर जाताना विमानाने गेला होता. येताना त्याने डीक ब्रॅकेट या कोचशी जागा बदलली. ब्रॅकेट विमानात बसला, पार्कर मोटारीत. दोघांना बातमी वाटेत रेडिओवर कळली. नेट रफिन हा खेळाडू हाताच्या दुखापतीमुळे संघासोबत गेला नव्हता. आणि पहिल्या वर्षाची सगळी पोरं, नियमामुळे, हंटिंग्टनमध्येच होती.

सहा जणांची ओळख अखेरपर्यंत पटली नाही. शहराजवळच्या स्प्रिंग हिल दफनभूमीत त्यांना शेजारी शेजारी पुरलं. बाकीच्यांच्या शवपेट्या आपापल्या गावी गेल्या. त्यांतल्या चार अलाबामातल्या टस्कलूसा या एकाच गावी, एकाच शाळेतून आलेल्या चार मुलांच्या. त्याच शाळेतला त्यांचा पाठचा मित्र रेजी ऑलिव्हर तेव्हा मार्शलमध्ये पहिल्या वर्षाला होता. क्वार्टरबॅक.

खेळायचं की थांबायचं

हंगामातला शेवटचा, ओहायो विद्यापीठाविरुद्धचा सामना रद्द झाला. मार्शलच्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे कोच बॉबी बाऊडन यांनी एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेकडे परवानगी मागितली की आमची मुलं मार्शलची जर्सी घालून तो सामना खेळतील. परवानगी मिळाली नाही. मग त्यांच्या खेळाडूंनी आपल्या हेल्मेटवर हिरवा क्रॉस आणि 'एमयू' ही अक्षरं लावली.

मार्शलचे हंगामी अध्यक्ष डोनाल्ड डेडमन यांचा कल फुटबॉल बेमुदत बंद ठेवण्याकडे होता. आजही मला त्यात गैर काही दिसत नाही. ज्या घरांत सुतक चालू आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर त्याच रंगाची जर्सी घालून नवी पोरं पळवायची, हे कुठल्याही जबाबदार माणसाला जड जाईल. शिवाय संघ आणायचा कुठून? या खेळाला साठ-सत्तर पोरं तरी लागतात. हल्ल्याची फळी वेगळी, बचावाची वेगळी, आणि दर आठवड्याला दोन-चार जण जायबंदी होणारच.

डेडमन यांचं मन वळवलं ते विद्यार्थ्यांनी, गावकऱ्यांनी आणि सर्वांत जास्त विमानात नसलेल्या मोजक्या खेळाडूंनी. त्यांचा म्होरक्या नेट रफिन. विचार करा, हा विशीतला मुलगा आपल्या सवंगड्यांच्या अंत्यविधींना जाऊन येतोय आणि अध्यक्षांना सांगतोय की आम्हाला खेळायचंय. हे दुःख विसरण्यासाठी नव्हतं. खेळ थांबला तर गेलेल्यांचं नाव फक्त अपघाताशी जोडलेलं राहील, अशी भावना त्यामागे होती असं मी समजतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या नियमाला अपवाद करण्याचा एक ताजा दाखला होता, आणि तोही भयंकर. मार्शलच्या अपघाताच्या जेमतेम सहा आठवडे आधी, 2 ऑक्टोबर 1970 ला, विचिटा स्टेट विद्यापीठाच्या संघाला नेणाऱ्या दोन विमानांपैकी एक कोलोराडोच्या डोंगरात पडलं होतं. 31 जण गेले. उरलेल्या मुलांनी मतदान घेतलं आणि 76 विरुद्ध 1 अशा मतांनी हंगाम चालू ठेवायचं ठरवलं. त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाच्या मुलांवरची बंदी उठवली गेली. त्यांचा पहिलाच सामना बलाढ्य आर्कान्साशी झाला आणि ते 62–0 असे हरले. त्या हंगामात त्यांना एकही विजय मिळाला नाही.

मार्शलनेही तोच मार्ग धरला. एनसीएएने 1971 च्या हंगामासाठी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची मुभा दिली. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद मला हाच वाटतो. ज्या नियमाने 1970 च्या पोरांना विमानापासून दूर ठेवलं, त्याच नियमाला बगल दिल्यामुळे 1971 च्या पोरांना मैदानात येता आलं. ही मुभा नसती तर रफिनची कळकळ आणि गावाची आसवं यांनी अकरा गडी उभे राहिले नसते.

कोच मिळेना

आता शिकवणार कोण? जॉर्जिया टेकचे सहायक कोच डिक बेस्टविक यांनी पद स्वीकारलं आणि आठवड्याभरात ते आपल्या जुन्या जागी परत गेले. त्यांना नावं ठेवावीत असं मला मुळीच वाटत नाही. त्या कार्यालयात बसणं म्हणजे काय, हे तिथे बसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

12 मार्च 1971 ला जॅक लेंगेल यांची नेमणूक झाली. ओहायोतल्या वूस्टर नावाच्या लहान कॉलेजात ते कोच होते, वय छत्तिशीच्या आसपास. मार्शलचे क्रीडा संचालक जो मॅकमलन त्यांना पन्नासच्या दशकापासून, ॲक्रन विद्यापीठातल्या दिवसांपासून ओळखत होते. लहान कॉलेजातला माणूस आणणं ही तडजोड होती असं वरवर पाहता वाटेल. मला ती अचूक निवड वाटते. मोठ्या कॉलेजातल्या कोचला हवी ती मुलं मिळायची सवय असते. लहान कॉलेजातला कोच मिळालेल्या मुलांतून संघ बसवायला शिकलेला असतो, आणि मार्शलला नेमकं तेच येणारा माणूस हवा होता.

लेंगेल यांनी रेड डॉसनला थांबण्याची गळ घातली. डॉसन तयार झाला, पण एकाच वर्षासाठी. जी मुलं गेली, त्यांतल्या कित्येकांच्या घरी जाऊन, त्यांच्या आई-वडिलांशी बोलून त्यांना मार्शलला आणणाऱ्यांत तो होता. तो रोज सकाळी त्याच मैदानावर येऊन नव्या मुलांना शिकवायला लागला. या प्रकरणात धैर्य कुणाचं असं विचाराल तर मी आधी त्याचं नाव घेईन.

मुलं गोळा झाली ती अशी: विमानात नसलेले मोजके जुने खेळाडू, 1970 ला पहिल्या वर्षाला असलेली आणि आता दुसऱ्या वर्षाला आलेली पोरं, नव्याने दाखल झालेले पहिल्या वर्षाचे, आणि कॉलेजातले इतर खेळ खेळणारे किंवा नुसतेच 'मी येतो' म्हणून पुढे आलेले विद्यार्थी. लेंगेल यांनी त्यांना नाव दिलं यंग थंडरिंग हर्ड. 'यंग' या एका शब्दात मोठा समंजसपणा आहे. आम्ही त्यांची जागा भरायला आलेलो नाही, आम्ही धाकटे आहोत, हे त्यातून गावालाही कळलं आणि पोरांनाही. त्या मुलांच्या खांद्यावर आधीच डोंगराएवढं ओझं होतं. थोरल्यांच्या तोडीचं खेळून दाखवण्याचं ओझं तरी या नावाने उतरलं असेल.

व्हीर

सराव सुरू झाला तेव्हा लेंगेल जुन्या रांगड्या पद्धतीने संघ बसवू पाहत होते. क्वार्टरबॅकच्या मागे धावपटू एका ओळीत उभे करायचे, लाईनने समोरच्यांना ढकलून वाट पाडायची आणि त्या वाटेने चेंडू घेऊन घुसायचं. याला समोरच्याला ढकलू शकतील असे गडी लागतात. मार्शलची लाईन कोवळी होती. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बावीस वर्षांच्या, चार वर्षं व्यायामशाळेत घडलेल्या गड्यांपुढे टिकेनात.

तेव्हा लेंगेल यांनी हातातली पद्धत टाकून दिली आणि 'व्हीर' घेतली. ही पद्धत ह्यूस्टन विद्यापीठाचे कोच बिल योमन यांनी रूढ केलेली. ती शिकण्यासाठी लेंगेल आणि त्यांचे सहकारी गेले ते बॉबी बाऊडन यांच्याकडे, त्याच वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात. बाऊडन यांनी आपल्या डावपेचांच्या वह्या आणि सामन्यांच्या चित्रफिती त्यांच्यापुढे ठेवल्या. कोच आपल्या वह्या जिवापाड जपतो, शेजारच्या कॉलेजाला तर त्यांचा वासही लागू देत नाही. म्हणून मला ही मदत हेल्मेटवरच्या क्रॉसपेक्षाही मोठी वाटते.

व्हीरमध्ये होतं काय, तर बचावाच्या कडेच्या एका गड्याला मुद्दाम कुणीच अडवत नाही. लाईनचं तेवढं काम वाचलं, आणि वाचलेला माणूस दुसरीकडे दोघांत मिळून एकाला ढकलायला मोकळा झाला. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि शेजारून झेपावणाऱ्या धावपटूच्या पोटाशी नेऊन धरतो. सोडत नाही, नुसता धरतो, आणि त्याच्यासोबत दोन पावलं जातो. नजर मात्र त्या मोकळ्या सोडलेल्या गड्यावर. तो जागीच थबकला की चेंडू पोटात सोडून द्यायचा, धावपटू मधून निघून जातो. तो धावपटूवर तुटून पडला की चेंडू अलगद काढून घ्यायचा आणि स्वतः कडेने पळायचं. पुढे दुसरा कुणी अंगावर आला, तर बाजूने समांतर पळत येणाऱ्या तिसऱ्याकडे चेंडू लोटायचा. हे सगळं क्षणार्धात. कबड्डीत चढाई करणारा कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाकडे बघून ठरवतो ना, तसंच. ताकदीचं काम हुलकावणीवर नेलं गेलं. जोखीम एवढीच की सगळा भार क्वार्टरबॅकच्या नजरेवर येतो. ती जागा होती रेजी ऑलिव्हरकडे, टस्कलूसाच्या त्या मुलाकडे.

उपलब्ध माणसं बघून पद्धत बदलणं हे बोलायला सोपं आहे. पण कोचने वर्षानुवर्षं शिकवलेली आपली पद्धत सोडून नवी पद्धत स्वतः शिकायची आणि मग ती मुलांना शिकवायची, हे फार थोड्यांना जमतं.

सप्टेंबर

18 सप्टेंबर 1971 ला पहिला सामना बाहेरगावी, मोरहेड स्टेटशी. मार्शल 29–6 असं हरलं. त्या सहा गुणांत अपघातानंतरचा पहिला टचडाउन होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीही लेंगेल यांना पत्र पाठवून संघाला शुभेच्छा कळवल्या होत्या. पत्रं येत राहिली, पण सामना जिंकायचा बाकीच होता.

25 सप्टेंबर. फेअरफील्ड स्टेडियम, घरचं मैदान. समोर सिनसिनाटीचं झेवियर विद्यापीठ. मार्शलने सुरुवातीलाच लांबून किक मारून तीन गुण घेतले. मध्यंतराच्या आत झेवियरने तशाच तीन गुणांनी बरोबरी केली. पुढे मार्शलकडून रेजी ऑलिव्हर स्वतः चेंडू घेऊन रेषेपार गेला. जादा गुणाची किक मात्र लागली नाही. मार्शलचे नऊ. मग झेवियरने आणखी तीन आणि शेवटच्या भागात टचडाउन अधिक एक असे सात घेतले, 13–9. घड्याळ संपत आलं होतं.

मार्शल चेंडू घेऊन सरकत सरकत रेषेपासून तेरा यार्डांवर आलं. वेळ उरला होता एका चालीपुरता. लांबून किक मारून उपयोग नव्हता. तीन गुणांनी बाराच झाले असते. टचडाउनच हवा होता.

ऑलिव्हरने चेंडू घेतला आणि तो उजवीकडे निघाला. सगळा बचाव त्याच्यासोबत उजवीकडे ओढला गेला. आठवडाभर त्याने चेंडू घेऊन कडेने पळायचाच सराव केलेला, त्यामुळे तो पळणार असंच कुणालाही वाटलं असतं. तो थांबला आणि अंगाविरुद्ध वळून डावीकडे चेंडू सोडला. तिथे टेरी गार्डनर उभा होता, जवळपास एकटा. त्याच्या वाटेत येणाऱ्या बचावपटूला लाईनमधल्या जॅक क्रॅबट्रीने अडवलं. गार्डनर पळत रेषेपार गेला. 15–13.

घड्याळात काही उरलं नव्हतं. लोक मैदानात घुसले आणि नंतर बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हते. दहा महिन्यांपूर्वी याच गावाने रोज एकेक अंत्ययात्रा पाहिली होती. त्या गर्दीत बापाविना झालेली पोरंही असणार, आणि पोराविना झालेले बापही.

उरलेले आठ सामने

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण हंगाम थांबला नव्हता. पुढच्याच आठवड्यात ओहायोतल्या मायामी विद्यापीठाने मार्शलला 66–6 असं हरवलं. हा आकडा गाळून या हंगामाची गोष्ट सांगता येईल असं मला वाटत नाही. आनंदाने रडलेल्या त्याच पोरांना सात दिवसांत कळलं की आपण कुठे आहोत. सोमवारी ती पुन्हा सरावाला आली, कारण आणखी सात सामने बाकी होते.

समोर येणारे संघ सगळे मोठे, पूर्ण वाढीचे. टोलेडोचा संघ तर 1969 पासून एकही सामना हरला नव्हता. त्यांची सलग 35 विजयांची मालिका या 1971 च्या हंगामातही अखंड होती. मार्शल हरत राहिलं. मध्येच 30 ऑक्टोबरला बोलिंग ग्रीनवर 12–10 असा विजय मिळाला. योगायोग असा की 1969 मध्ये विजयाविना गेलेली ती लांबलचक मालिकाही मार्शलने बोलिंग ग्रीनलाच हरवून तोडली होती. मला हा दुसरा विजय झेवियरच्या विजयापेक्षा मोलाचा वाटतो. पहिला विजय भावनेच्या लाटेवर आला असं म्हणता येतं. दुसरा ऑक्टोबरच्या अखेरीला आला, अंगं ठणकत असताना, मोठे पराभव पचवून झाल्यावर, आणि आपल्यापेक्षा उजव्या संघाविरुद्ध आला. पोरं खेळ शिकली होती, याचा पुरावा हा.

कोणाला काय मिळालं

हंगाम संपल्यावर रेड डॉसनने शब्दाप्रमाणे काम सोडलं. तो पुन्हा कधीच कोच झाला नाही. हंटिंग्टनमध्येच राहून बांधकामाचा व्यवसाय केला.

लेंगेल आणखी तीन हंगाम राहिले. चार वर्षांची त्यांची बेरीज 9 विजय, 33 पराभव. नुसत्या आकड्यांवर त्यांना अपयशी कोच म्हणावं लागेल, आणि त्या काळात तसं म्हणणारेही असतील. मार्शलला विजय जास्त आणि पराभव कमी असा हंगाम दिसला तो थेट 1984 मध्ये. 1971 ची पोरं तोवर तिशी पार करून आपापल्या संसाराला लागली होती. 1992 मध्ये मार्शलने आपल्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, 1996 मध्ये पंधरापैकी पंधरा सामने जिंकून पुन्हा घेतलं, 1999 मध्ये वरच्या श्रेणीत तेरापैकी तेरा जिंकले. ज्यांनी पाया घातला, त्यांच्यापैकी कुणालाही कळसाचा मान मिळाला नाही. लेंगेल पुढे अमेरिकी नौदल अकादमीचे क्रीडा संचालक झाले.

हे व्हायलाच हवं होतं असं नाही. झेवियर विद्यापीठाने, त्या दिवशी दोन गुणांनी हरलेल्या झेवियरने, 1973 नंतर फुटबॉल बंद केला. विचिटा स्टेटने 1986 मध्ये बंद केला. तिथे ना धैर्य कमी होतं ना प्रेम. 76 विरुद्ध 1 अशी मतं देणारी मुलं त्यांचीच. पैसा, प्रेक्षक आणि प्रशासनाची इच्छा यांचा मेळ बसला नाही की इतिहास कितीही जड असला तरी संघ टिकत नाही. मार्शलमध्ये तो मेळ बसायला तेरा वर्षं लागली, आणि त्या तेरा वर्षांत कोणत्याही डिसेंबरात कुणीतरी कागदावर सही करून खेळ बंद करू शकलं असतं. 1971 चा संघ उतरलाच नसता, तर पुढच्या तेरा वर्षांत कुणाला वाट पाहायलाही काही उरलं नसतं.

आणि तो नियम? एनसीएएने 1972 पासून सगळ्याच कॉलेजांसाठी पहिल्या वर्षाच्या मुलांवरची बंदी उठवली. मार्शलला अपवाद म्हणून मिळालेली गोष्ट सर्वांना सरसकट मिळाली, आणि पहिल्या वर्षाची पोरंही मुख्य संघासोबत बाहेरगावी जाऊ लागली.

विद्यापीठाच्या आवारात हॅरी बर्टोइया यांनी घडवलेलं कांस्याचं कारंजं आहे, नोव्हेंबर 1972 मध्ये अर्पण केलेलं. दरवर्षी 14 नोव्हेंबरला तिथे सगळे जमतात, 75 नावं वाचली जातात आणि कारंज्याचं पाणी बंद होतं. ते पुन्हा सुरू होतं वसंतात.

नेट रफिन 1971 च्या संघाचा कर्णधार होता. पुढे त्याने मार्शलमध्येच नोकरीही केली. 2001 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याला स्प्रिंग हिलमध्ये, त्या सहा जणांजवळ पुरलं आहे.